कूलरखालचा मोगरा

आई कुंभार पिंपळगाव सोडून माझ्याकडं पुण्याला निघाली तेव्हा सगळ्यात शेवटी तिनं कूलर बंद केला. गाडी दारात उभी होती, पिशव्या डिकीत भरून झाल्या होत्या, माझा नवरा नितीन घामाघूम होऊन सावली शोधत होता आणि आई रिकाम्या खोलीत खिडकीपुढं उभी. बटण दाबल्यावर तो लोखंडी कूलर थरथरला, दोन आचके देऊन थांबला. त्या घरात मी जन्मले, वाढले, पण मे महिन्यात ते इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं. आईनं पदरानं कूलरचा पत्रा पुसला आणि ती बाहेर आली.

भिंतीला भिंत लागून राहणारी शहनाज खाला ओट्यावर उभी होती. "भाबी, जल्दी या वापस. मला बिलकुल करमनार न्हाई," एवढंच ती म्हणाली. खिडकीखालच्या मोगऱ्यापासून तेलाच्या डब्यात केलेलं रोप आईनं मांडीवर घेतलं आणि ती गाडीत बसली. शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडताना तिनं एकदा मागं पाहिलं. "खिडकी लावली का गं सविते?" तिनं विचारलं. लावली होती.

गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना तो कूलर ठाऊक आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोसंबीची बाग पहिल्यांदा चांगल्या भावानं विकली गेली त्या वर्षी जालन्याहून आणला होता. चालू झाला की शेजारच्या घरात टीव्ही ऐकू येईना. उन्हाळ्यात आमच्याकडं कुणी हळू बोललेलं मला आठवतच नाही. मीठ मागायचं तरी ओरडून. पुढं त्याचा एक कोपरा गंजला आणि पाणी ठिबकायला लागलं. दादा वेल्डिंग करून आणणार होते, आईनं अडवलं. त्या ठिबकीखाली तिनं मोगरा लावला. कूलर बाहेरची हवा आत ओढायचा, तिच्यासोबत मोगऱ्याचा वास यायचा. गार वाऱ्याला मोगऱ्याचाच वास असतो असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

दादा गेल्यावर आई एकटीच राहत होती. रोज दुपारी चहाच्या वेळेला ती कूलर बंद करायची. गेल्या वर्षी एप्रिलात एक दिवस वेळ टळून गेली तरी तो घरघरतच राहिला, म्हणून खालानं डोकावून पाहिलं. आई अंगणात चक्कर येऊन पडली होती. त्यानंतर मी तिला तिथं ठेवायला तयार नव्हते. ती म्हणाली, "लेकीच्या घरचं पानी सुदिक पीत न्हाईत, आन मी ऱ्हायला येऊ?" नितीननं स्वतः जाऊन हात जोडले तेव्हा कुठं ती तयार झाली.

पुण्यातलं आमचं घर शांत आहे. नितीन घरूनच काम करतो, दिवसभर मीटिंगा. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना त्यानं आधी तिचा आवाज पाहिला, किंमत मागाहून. एसी चालू आहे की नाही ते त्याच्या हिरव्या दिव्यावरून ओळखायचं. वॉशिंग मशीन झालं की हळूच किणकिणतं. मिक्सरवर काचेसारखं झाकण, आत दाण्यांचा कूट होतोय ते नुसतं दिसतं. पहिल्या आठवड्यात आई सारखी फ्रीज उघडून बघायची. "बंद पडलाय का गं ह्यो?" दार उघडं राहिलं की फ्रीज टूं टूं करायचा, मग ती दचकून हात मागं घ्यायची, जणू चोरी करताना सापडली.

आणि मग आईही तशीच होत गेली. जावयाचं घर, त्याचं काम चाललेलं. ती पावलं उचलून टाकायला लागली. खोकला आला तर तोंडात पदर धरायची. भांडं पालथं घालताना खाली फडकं. शेतात या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारणारी माझी आई! आमच्या घरात सगळ्यात कमी आवाजाची वस्तू ती झाली होती, आणि ते पाहून माझं काळीज तुटायचं. "मोकळी राहा गं," मी म्हणायचे. "ऱ्हाते की," ती कुजबुजायची.

बोलायची ती फक्त झाडांपाशी. माझ्या बाल्कनीत स्नेक प्लांट, मनी प्लांट, एरिका पाम. ऑफिसच्या लॉबीत असतात तसली. "ह्यांना फूल न्हाई, वास न्हाई. कशाला पोसता?" तिला अंगणातली गुलबक्षी आठवायची. ती उमलली की चहाचं आधण ठेवायचं, घड्याळ बघायला कोण जातंय. मोगऱ्याचा डबा मागच्या बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटशेजारी ठेवला होता. तिथं दुपारचं ऊन येतं आणि युनिट चालू झालं की घरघर पण असते. आई दुपारभर तिथंच स्टूल टाकून बसायची. सगळ्या कुंड्यांना टायमरवर ठिबकचं पाणी. मोगरा पानापानांनी भरला, पण कळी एक नाही.

दिवाळी झाली आणि आई म्हणाली, "आता मला नेऊन सोड. लई दिवस झाले." मी रडले, भांडले. निघायचा दिवस तेवढा ठरायचा होता.

त्याच दिवसांत मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. एका दुपारी नितीन मीटिंग चालू असतानाच पाणी प्यायला उठला होता, त्याला दिसलं की मोगऱ्याच्या नळीची चावी बंद आहे. कुणाकडून चुकून झाली असेल म्हणून त्यानं हात घातला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, पिंपळगावचा, शेतातला आवाज.

"हात लावू नका त्याला! ताण देऊन राह्यले मी!"

सगळं घर थांबल्यासारखं झालं. नितीनच्या हेडफोनमधून कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं. आईनं तोंडावर पदर घेतला आणि ती खोलीत निघून गेली. मला वाटलं, झालं, आता ही उद्याच निघणार.

नितीननं मीटिंग बंद केली. तो तिच्या दारात जाऊन बसला, खाली फरशीवरच. "आई, ताण देणं म्हणजे काय?"

आधी ती हळू बोलत होती. मग दादांच्या बागेवर आली आणि आवाज चढला. मोसंबीला पाणी तोडायचं, झाड सुकल्यासारखं होऊ द्यायचं, बघणाऱ्याला कीव येते पण मन घट्ट करायचं. मग ताण तोडायचा, खत-पाणी द्यायचं, आणि बाग फुलानं पांढरी होते. "रोज बराबर येळेवर पानी भेटल्यावर त्याला फुलायचं कशाला सुचंल, जावईबापू?" मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. इतक्या महिन्यांनी माझी आई बोलत होती.

पिंपळगावचा विषय मी काढलाच नाही. तिनंच काढला. "ताण मी दिला, तोडायला मीच पाह्यजे. मंग बघू."

संक्रांतीनंतर तिनं ताण तोडला. फांद्या छाटल्या, उरलेली पानं ओरबाडली, शेणखत घातलं. होळीच्या सुमारास कळ्या धरल्या. मी रोज तिच्या तोंडाकडं बघायचे, आज म्हणेल, उद्या म्हणेल, सोड मला. पहिली ओंजळभर फुलं तिनं दादांच्या फोटोपुढं ठेवली आणि म्हणाली, "तो कूलर खालाला देऊन टाक. नुसता गंजत पडंल."

मला कळलं, आता ती परत जायचं नाव काढणार नाही.

कूलर द्यायला मी एकटीच आले होते, तुम्ही पाहिलंत. खिडकीखालच्या मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. खालाला अपराधी वाटत होतं. "मी टाकत व्हते पानी, पन बाई, कूलरसारखं दिवसभर कोन टाकनार?" मी काड्यांवरून हात फिरवला, मोडून आल्या. पुण्यात आल्यावर आईला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मोगऱ्याच्या दोन फांद्या शेजारच्या कुंडीत वाकवून, मुळं फुटावीत म्हणून मातीत दाबल्या. एक खालाच्या खिडकीखाली लावायची आहे.

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांना लोक विचारतात, घर आता कुठलं? मला वाटतं, जिथं माणसाला आपला आवाज खाली करावा लागत नाही ते. आमच्याकडं रोज दुपारी खालाचा फोन येतो. पलीकडं आमचा कूलर गर्जत असतो, त्याच्यावरून खाला ओरडते, आणि इकडं आई त्याहून मोठ्यानं ओरडते, "मला ऐकू येऊन राह्यलं, तू बोल!" नितीनची मीटिंग चालू असते. तो उठतो आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतो.