पोकळ मुठीचा सुरा आणि कावडियाची वाट

जंगलात जायचं तर कमरेला सुरा हवाच, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. यंदा, दोन हजार आठच्या हिवाळ्यात मी, बायको उज्ज्वला आणि माझ्या कारखान्यातला दिनेश असे तिघं देवासहून उदयनगरकडे, खांबांसारख्या दगडांचा कावडिया पहाड बघायला निघालो. त्याच्या दोन महिने आधी मी इंदूरच्या एका दुकानातून साडेआठशे रुपये मोजून सुरा आणला होता. पाठीला करवतीचे दाते, टोपणात होकायंत्र, मूठ पोकळ आणि तिच्यात काड्या, गळ, सुई-दोरा. जीव धोक्यात आलेला माणूस आधी शर्टाचं बटण शिवायला बसेल, अशी बनवणाऱ्याची समजूत असावी. मला मात्र तो फार आवडला होता.

त्यात आमच्या घरची रीत. पूर्वज मराठा सरदारांबरोबर इकडे माळव्यात आले. तलवारी कधीच गेल्या, पण खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार अजून पाटावर मांडलं जातं. आईनं सुऱ्याला हळदकुंकू वाहिलं, म्यानाला लाल नाडा गुंडाळला आणि बजावलं, "पूजेतला आहे. यानं भाजीबिजी चिरायची नाही." मी निमूट ऐकलं. ज्याच्या भरवशावर आम्ही जंगलात शिरणार होतो, त्यानं तोवर साधी काकडीसुद्धा कापलेली नव्हती!

सकाळी साडेसहाला दोन मोटरसायकली निघाल्या. पेट्रोल देवासलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. हाटपिपल्याला गरम पोहे आणि जिलबी, तिघांचे मिळून छत्तीस रुपये. चापड्यापर्यंत रस्ता बरा होता, बागलीनंतर खड्ड्यांतून रस्ता शोधावा लागला. पण दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, कोवळं ऊन, आणि मागे एका अंगाला बसलेली उज्ज्वला गाणं गुणगुणत होती. दिनेश शेजारी येऊन ओरडला, "भिया, आज तो शेर भी आ गया तो अपने पास इंतजाम है!" मी कमरेचा सुरा थोपटून दाखवला.

पुंजापुऱ्यापुढच्या चढावर गाणं एकदम थांबलं. गाडीला हिसका बसला आणि आम्ही आडवे झालो. उज्ज्वलाच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं होतं आणि साखळीनं ते गिळलं होतं. गळ्याभोवतीचा वेढा इतका आवळला होता की मंगळसूत्राचे मणी कातडीत रुतले होते. तिचा आवाज येत नव्हता. दिनेशनं चाक उलटं फिरवायला बघितलं, ते जाम झालं होतं.

मी सुऱ्याला हात घातला. आईनं बांधलेल्या नाड्याची गाठ सुटेना. दातांनी तोडली. पातं बाहेर काढलं, तर त्याला धारच नव्हती, नुसती चकाकी. मग उलटं करून करवतीचे दाते लावले, ते कापडात अडकून बसले. मी जोर लावला आणि कट्टकन आवाज झाला. मूठ माझ्या हातात, पातं ओढणीत. मुठीतले गळ आणि काड्या रस्त्यावर सांडल्या. उज्ज्वलाचे ओठ निळे पडत होते.

रस्त्याकडेला गवत कापत असलेली एक बाई विळा घेऊन धावत आली. मला तिनं खांद्यानं बाजूला ढकललं. "हट! बाई को पकड़, हिलने मत दे." दोन बोटं ओढणीखाली सरकवून तिनं विळा बाहेरच्या बाजूला ओढला. एकदाच. उज्ज्वलानं जो श्वास घेतला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

बाईनं तिला आपल्या झोपडीत नेऊन निजवलं, पाणी पाजलं. आमच्यासाठी पानात भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ पुढे ठेवली. पैसे काढले तर ती चिडली. रस्त्यात पडलेलं पातं तिनं उचलून आणलं होतं, ते बोटानं चाचपून विचारलं, "ये किस काम का है?" कावडिया न बघताच परतलो. बागलीच्या डॉक्टरनं घसा तपासून आठवडाभर बोलू नका म्हणून सांगितलं.

शनिवारी दोन्ही तुकडे घेऊन मी त्या दुकानात गेलो आणि काचेवर आपटले. दुकानदार पार्सल सोडत होता. "साहब, ये तो शौक की चीज है," तो शांतपणे म्हणाला, "इसको काम में कौन लेता है?" आणि लाकडी मुठीच्या एका जुन्या सुरीनं त्यानं सुतळी तोडली. तिचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं दिसत होतं, वर तीन रिपिटा ठोकलेल्या. म्हटलं, मग हीच द्या.

"ये बेचने की नहीं है. ये काम की है."

माझं डोकं फिरलं. दुकानभर लोक जमेपर्यंत मी भांडलो, पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच. वाचकहो, सुरा घ्यायचाच असेल तर होकायंत्र बघू नका, मूठ बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, मूठ पोकळ अजिबात नको. पातं वीतभराहून लांब नको, म्यान एका हातानं उघडणारं हवं. आणि घरी आणल्या आणल्या जुनी ओढणी ताणून धरून कापून बघा. पूजा त्यानंतर करा. मी आता देवासच्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा सुरा करून घेतलाय, दीडशे रुपयांत. दिसायला अगदीच गबाळा आहे.

उज्ज्वलाचं शिक्षण हिंदीतलं, मराठी वाचायला तिला वेळ लागतो. म्हणून हे सगळं मीच तिला वाचून दाखवलं. दुकानातलं भांडण जरा चढवूनच वाचलं. ती हसली नाही. गळ्यावरचे वळ आता पिवळे पडलेत, आवाज अजून घोगराच आहे.

"विळ्याच्या आधी तुम्ही काय लिहिलंत, ते परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. तिथे मी 'हे सगळं काही सेकंदांतच घडलं' असं एक वाक्य लिहिलं होतं.

"ते खोडा," ती म्हणाली. "तुमचे असतील काही सेकंद. माझे नव्हते."

मी ते वाक्य खोडलं.