नळीवरची पट्टी

इंदिरानगरात आमच्या शेजारी राहणारे एक कारकून माणसाआधी त्याच्या सायकलची चौकशी करत. मी फाटकाशी आलो, की घरातूनच विचारत, "चेन वाजतेय ना?" सैल चेन मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर आपटते, याचा त्यांना घोर. "रंगाचा टवका उडाला की गंज. गंज चढला की संपलंच हो!" पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ते खिशात बाळगत. स्वतःच्या सायकलच्या नळीला एक गच्च गुंडाळलेली असे, आणि दर रविवारी तीही सोडून आत बघत. मला हसू यायचं.

त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या सकाळी मी सायकलवरून दवाखान्यात डबा घेऊन गेलो. ते दाराबाहेरच उभे होते; डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले आणि खिशातली पट्टी काढून नळीला गुंडाळू लागले.

बऱ्याच वेळाने सिस्टर दारात आल्या. "डॉक्टरांनी आत बोलावलंय तुम्हाला."

"आलो. एवढा एक वेढा राहिलाय," वर न बघता ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. नळी केव्हाच झाकली गेली होती. ते पट्टीवरच पट्टी गुंडाळत होते.