कोऱ्या कागदावरची सही

“परत लावा.”

मामांचं हे ठरलेलं होतं. टेपरेकॉर्डरवर एक वाक्य भरलं की ते हात वर करून मला थांबवायचे. आपलंच वाक्य कान देऊन ऐकायचे आणि मान हलली तरच पुढचं बोलायचे.

विद्यापीठानं तेव्हा आपला इतिहास जुन्या माणसांच्या तोंडून भरून घ्यायचं काढलं होतं. गावोगावी डिश अँटेना लागत होत्या आणि म्हातारी माणसं भराभर जात होती. आमच्या कॉलेजचा रौप्यमहोत्सवही तोंडावर होता. इतिहास विभागात मी सगळ्यात नवी, त्यामुळे टेपरेकॉर्डर माझ्याच गळ्यात पडला. मामा एके काळी आमच्या कॉलेजात शिपाई होते. आता मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांचं चहाचं हॉटेल होतं.

“हुद्दा सांगा,” मी म्हणाले.

“शिपाई. चोर म्हणून काढलेला.”

मी गडबडले. मामा मात्र शांतपणे म्हणाले, “परत लावा.”

गोष्ट सरळ होती. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा कपाटातून गेला. त्यात प्राचार्यांच्या साडूच्या मुलाचा पेपर होता. त्या संध्याकाळी कपाटाची किल्ली प्राचार्यांनी स्वतः मागून घेतली होती, पण हे फक्त मामांना माहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. “खाली सही कर. तुझ्या बढतीचा अर्ज आहे, वरचं क्लार्क टाइप करील.” मामांनी हसत हसत सही केली. आठवड्यानं त्या सहीच्या वर कबुलीजबाब उमटला होता.

त्यांची लेक त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. भर वर्गात कुणीतरी ‘पेपरचोर’ म्हणालं. ती उठून बाहेर आली, ती पुन्हा गेलीच नाही. हे सांगताना मामांनी परत लावायला सांगितलं नाही.

“पुढं सांगा ना, मामा.”

“आधी सरांचं भरून आणा. त्येंना येकच इचारा, तुमच्या काळात परीक्षेत कधी काई गडबड झाली का? बास.”

“ते कशाला खरं सांगतील?”

“खरं कोन मागतंय? सरांना अभिमान लई हाय, म्याडम. आशा मान्साला निस्तं इचारायचं आसतंय.”

प्राचार्य निवृत्त झाले होते, पण महोत्सवाचे सत्कारमूर्ती तेच. दोन तास बोलले. शेवटी मी तो प्रश्न विचारला. सर खुर्चीत ताठ झाले. “माझ्या कारकिर्दीत? एकदाही नाही! कपाटातून एक उत्तरपत्रिका इकडची तिकडे झाली नाही. लिहून घ्या!”

लिहून कशाला घेऊ? टेप चालूच होता.

मामांनी ते वाक्य सात वेळा ऐकलं. मग कॅसेट हातात घेतली आणि तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे किल्लीच्या टोकानं मोडून काढले. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. “हां. आता हितं दुसरं गानं भरत न्हाई,” ते म्हणाले. त्यांनी एक प्रत मागितली. असं करणं नियमात बसत नव्हतं. मी त्याच दिवशी करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात नवा कार्यक्रम सुरू झाला. बुद्धाच्या तसबिरीशेजारी मामांनी आपल्या बडतर्फीचा आदेश लॅमिनेट करून टांगला. एसटी थांबली, माणसं चहाला उतरली, की मामा त्यांना म्हणायचे, “आधी ते वाचा. आता हे आयका.” कंडक्टर, वकील, आमचे प्राध्यापक, सगळे वाचायचे, ऐकायचे आणि मोठ्यानं हसायचे. गठ्ठा हललाच नाही, तर या माणसानं चोरलं काय?

तुम्ही म्हणाल, शिकल्यासवरल्या बाईला सूड शोभत नाही. नसेल शोभत. मला त्या दिवसांत तिथला चहा फार गोड लागला.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी जीप थांबली आणि स्वतः सर उतरले. पाहुण्यांच्या गाड्या उद्या याच फाट्यावरून येणार होत्या. मी आत बाकावर बसले होते.

“हे बंद करा,” सर म्हणाले.

“कावून? तुमचाच आवाज हाय की.”

“काय पाहिजे तुम्हाला? मी पत्र देतो. चूक झाली म्हणून लिहून देतो.”

मामांनी गल्ल्याखालून एक कोरा कागद काढला. टेबल पुसलं, कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं. “तुमी कशाला तरास घेता? टेप बंद करतो. खाली निस्ती सही करा. वरचं मी टाइप करून घेतो.”

सरांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. स्टोव्ह फरफरत होता. मग पेन उचलून त्यांनी सही केली.

मामांनी शब्द पाळला. टेप बंद झाला तो कायमचा, आदेशही उतरला. त्याच चौकटीत तो कोरा कागद लागला, खाली प्राचार्यांची सही. “हे काय, मामा?” कुणी विचारलं तर म्हणायचे, “सरांचं पत्र हाय. आजून लिवायचं हाय.” त्यांनी त्यावर कधीच काही लिहिलं नाही. सर मात्र माणसं पाठवून विचारत राहिले, लिहिलं का, काय लिहिलं.

मामा गेले तेव्हा त्यांच्या लेकीनं तो कागद माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “तू लिही. तुझाच हक्क आहे.” ती म्हणाली, “न्हाई म्याडम. आबा म्हनले, कोराच ऱ्हाऊ द्या. लिवला की सरांची झोप परत येईल.”

कागद माझ्या कपाटात आहे. सर अजून हयात आहेत. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. आधी तब्येतीची चौकशी करतात, मग हळूच विचारतात.

“तो कागद...?”

“आहे ना, सर,” मी म्हणते. “कोराच आहे.”