पैलतीरची ओटी

समुद्र बघायला लोक हौसेने जातात. मी गेले ती पोटातलं बाळ वाचावं म्हणून. आधीची दोन सातव्यात गेली होती आणि आता तिसऱ्याचा सहावा महिना सरत आला होता. सासूबाईंनी ठरवूनच टाकलं की गोव्यातली कुलदेवी रागावली आहे, घराणं उज्जैनला आल्यापासून तिची ओटी कुणी भरलीच नाही. गोव्यात पोर्तुगीज, सरहद्द बंद, हे त्यांना कोण समजावणार! "देवीच्या कामाला कोण अडवतंय?" म्हणाल्या, आणि भैरवगढचं छापील लुगडं, खण, तांदूळ, नारळ सगळं बांधून हातात दिलं.

मध्यभारत मोडून नवा प्रांत व्हायचा होता. ह्यांच्या दफ्तरात जो तो बदलीच्या धास्तीत, रजेची मारामार. तरी हे साहेबाच्या हातापाया पडून रजा घेऊन आले.

आंबोलीचा घाट उतरताना मोटार बंद पडली. भर दुपारी रानात अंधार. झाडं टपकताहेत, वेलींतून आभाळ दिसेना. हे म्हणाले, "काय हिरवंगार आहे बघ!" मी पायाला चिकटलेली जळू ओढत होते आणि रक्त थांबत नव्हतं. "आग लागो तुमच्या हिरवाईला," म्हटलं आणि तिथेच रडायला बसले. आमच्या माळव्यात कसं, येणारा माणूस कोसावरून दिसतो. इथे जीव घुसमटत होता.

सरहद्दीच्या नाक्यावर शिपायाने अडवलं. भला माणूस होता बिचारा. "बाई, पलीकडून गोळी घालतील. मी सोडू कसा?" मी हात जोडले, भांडले, शेवटी त्याच्या पाया पडायला वाकले तर तोच दोन पावलं मागे सरला. देवीचं गाव खाडीपलीकडच्या डोंगरामागे होतं म्हणे. डोंगर तेवढा दिसत होता.

तिथून किनाऱ्यावर आलो. पांढरी वाळू, माडांच्या रांगा, निळं पाणी. मला त्यातलं काही नको होतं. "पाण्यात सोडू," मीच म्हटलं. "पाणी पोचवील." आमची अक्कल रामघाटावरची! क्षिप्रेत सोडलेलं पुढेच जातं, परत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात जाऊन ओटी सोडली, डोळे मिटून बाळासाठी मागणं मागितलं. डोळे उघडले तर नारळ माझ्या पायाशी. पुन्हा सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा छातीएवढ्या पाण्यात शिरले तेव्हा ह्यांनी दंड धरून ओढलं. "बस्स कर! मरशील!" लुगडं वाळूत लोळत होतं. मासळी वाळवणारी एक बाई जवळ आली. "बाये, दर्या कोणाचा काय ठेवन घेणा नाय," म्हणाली. तिने आपलं साधं सांगितलं. मला मात्र वाटलं, देवीनेच नाही म्हटलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "पोचली ओटी?"

"पोचली," मी म्हटलं. हे माझ्याकडे एकदा बघून वळकटी उचलून आत गेले.

सासूबाई इतक्या खूष, दुसऱ्याच दिवशी जुन्या धोतराची दुपटी शिवायला बसल्या. शेजारणींना सांगत होत्या, यंदा काळजी नाही, देवी पावली. मी ऐकायची आणि आतल्या आत मरायची.

सातवा लागला आणि एका सकाळी बाळ हलेना. मी पोट दाबून पाहिलं, थंड पाणी प्याले, कूस बदलली. काही नाही. संध्याकाळपर्यंत सुईणीने सगळं उरकलं. मुलगी होती.

चार दिवसांनी सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या. मी अंथरुणातून बघत होते. त्यांनी कुलदेवीचा चांदीचा टाक उचलून तळहातावर घेतला. "माझी ओटी घेतलीस ना गं? मग?" आवाज चढला नाही, रडल्याही नाहीत. टाक फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि कुलूप लावलं. लग्न होऊन आल्यापासून एक दिवस पूजा न चुकवलेली बाई ती.

खरं सांगायला मी उठून बसले. मग मनात आलं, सांगितलं तर सासूबाई देवीला सोडतील आणि मला धरतील. मी पुन्हा आडवी झाले. त्यांनी पुढे कधी देवाला हात जोडले नाहीत, आणि त्या जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.