मेणाखालचं पाणी

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाची इलेक्ट्रिक गिटार आवाज वाढवला की शिट्टी मारायची. संध्याकाळी कार्यक्रम. गिटारवाला मेकॅनिक गावात नव्हता, म्हणून भीत भीत पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या या माणसाकडे गेलो. दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग होता; विहिरी आटल्या तरी लोक मोटारी चालूच ठेवायचे.

त्यानं तारांखालचा, त्यांचा आवाज टिपणारा पिकअप सोडवला. आत लोहचुंबकावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती तुटली तर मालक मला हाकलणार होता.

"तारंचे येढे ढिले पडलेत. हलायलेत म्हनून वरडतंय. मेण पाजावं लागतंय."

चुंबकाला चिकटू नये म्हणून हातातलं लोखंडी कडं त्यानं लांब ठेवलं. मेणबत्तीचे तुकडे वाटीत टाकले आणि वाटीखालच्या, स्टोव्हवरच्या पातेल्यात माठातलं तांब्याभर पाणी ओतलं.

"नुस्त्या जाळावर धरलं तर जळंल."

पातळ मेणात त्यानं पिकअप सोडला. बुडबुडे थांबेपर्यंत त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.

पिकअप परत बसवून गिटार वाजवून पाहिली. शिट्टी गेली होती! मी मोठ्यानं हसलो. तो मात्र पातेल्यातलं निवलेलं पाणी परत माठात ओतत होता.

"चार दिस झाले, टँकर आला न्हाई," तो म्हणाला.

पातेल्याच्या काठाला राहिलेला शेवटचा थेंबही त्यानं माठात निथळू दिला.