वारुळाजवळच्या सात्या

तुम्हाला कधी नसलेलं काही दिसलं आहे का? दिसलं असेल, तर ते घरात कुणाला सांगितलंत का? नसेल सांगितलं, तर त्यात थोडा दोष माझाही असू शकतो. तो कसा, ते सांगण्यासाठीच हा प्रवास लिहिते आहे.

मी छापखान्यात वाढले. वडील पत्रकं छापायचे, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहायचे. बावीस वर्षांची झाले तेव्हा स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. निळा कागद, चार पानं, विषय नशा आणि अंगात येणं. त्यातली एक ओळ मला फार आवडायची: ‘नसलेलं दिसतं असं सांगणारा माणूस एकतर नशेत असतो, नाहीतर लबाड.’ सभेत ही ओळ म्हटली की टाळ्या पडत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रावणात चंद्रपूरहून एक कार्ड आलं. लिहिणारे कय्यूम सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे शिक्षक. ‘तुमची ओळ वाचली. गडचिरोलीकडे एक बाई आहे. ती नशेबाज नाही आणि लबाडही नाही, तरी तिला दिसलं. पोळ्यानंतरच्या मंगळवारी तिचा दीर तिला गादीवर बसवणार आहे. त्याआधी या.’ गादी म्हणजे देवी अंगात येणाऱ्या माणसाचं आसन. तिथे लोक आपले प्रश्न घेऊन येतात. गादी मोडायला मिळणार या आनंदात मी तीनशे पत्रकांचा गठ्ठा बांधला आणि कोल्हापूरहून गाडीत बसले.

वर्ध्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रपूरला उतरले. हवेत कोळशाचा वास होता आणि ओठांवर त्याची बारीक पूड. ऑटोवाल्याने जटपुरा गेटातून आत घेतलं. इतक्या जुन्या परकोटाच्या दारातून सायकली, ऑटो आणि एक वैतागलेली म्हैस एकाच वेळी जात होत्या, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

कय्यूम सरांच्या ओसरीवर वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि त्यांवर अळंब्या वाळत पडल्या होत्या. काही बटणाएवढ्या, काही बशीएवढ्या. त्यांच्या बेगमनी चहा आणताना मला बजावलं, “याईतलं काही खाजो नको, बेटा. माह्या घरात चाळीस वर्सांपासून भाजी कोणती अन् नमुना कोणता हेच समजत नाई.”

सरांनी सांगितलं ते असं. इकडे पावसाळ्यात वारुळांवर अळंब्या उगवतात, त्यांना सात्या म्हणतात. लोक मटणासारखी त्यांची भाजी करतात. शेणावर उगवतात त्या वेगळ्या. त्या कुणी खात नाही. त्यांतल्या काहींत असं द्रव्य असतं, की काही तास माणसाला भिंती हलताना दिसतात, वेळ थांबल्यासारखा वाटतो. त्या बाईच्या भाजीत तसलीच काही पडली असावी असा सरांचा अंदाज होता.

“म्हणजे नशाच,” मी म्हणाले.

“नशा म्हटलं की तुमचं काम संपलं. माझं तिथून सुरू होतं.” ते शांतपणे म्हणाले. “हेच द्रव्य परदेशातल्या डॉक्टरांनी मनाच्या रोग्यांना देऊन पाहिलं आहे. खाटेशेजारी बसून, नोंदी घेत. मग ते दवाखान्याबाहेर पसरलं, सरकारं घाबरली, कायदे झाले, काम थांबलं. आता कुठं कुठं पुन्हा सुरू होऊन राह्यलं म्हणतात. त्याच्यानं रोगी बरे होतात का? मले माहीत नाई. तुम्हाले माहीत आहे का?”

मला माहीत नव्हतं. माझ्या पत्रकात ‘माहीत नाही’ असं एकही वाक्य नव्हतं.

सोमवारी सकाळी आम्ही एसटीने निघालो. मूल आणि सावली ही गावं गेली, मग वैनगंगेचा पूल. पाणी गढूळ आणि इतकं रुंद, की पलीकडचा किनारा कुणीतरी पेन्सिलीने ओढल्यासारखा दिसत होता. माझ्या बाजूची काच फुटलेली होती आणि पाऊस आत येत होता. कंडक्टरने माझ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “हे का आहे जी?”

“पत्रकं. समाजजागृतीची.”

“मग तं चांगलंच झालं,” म्हणून त्याने गठ्ठा उचलला आणि खिडकीच्या भोकात घट्ट बसवला. पाऊस थांबला. सगळ्या गाडीने त्याला दाद दिली. गडचिरोलीला उतरेपर्यंत वरची शंभर पत्रकं एकमेकांना चिकटली होती आणि माझ्या पांढऱ्या कुडत्यावर निळे ओघळ आले होते.

धानोऱ्याकडच्या दुसऱ्या गाडीने एका फाट्यावर सोडलं. तिथून दोन तास चाललो. दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घालून पाणी अडवलेले भाताचे तुकडे), त्यापलीकडे साग, मोह आणि बांबू. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जिच्यासाठी गेलो तिने ते लिहू नको म्हटलं.

तिचं नाव शेवंता समजा. वय चाळिशीचं. दोन वर्षांपूर्वी तिची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली आणि शेवंताचं बोलणं बंद झालं. कामं करायची, पण यंत्रासारखी. रडलीही नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातून मनाच्या गोळ्या सुरू केल्यावर झोप लागू लागली, थोडं अन्न जाऊ लागलं. मग महिन्यापूर्वी एका संध्याकाळी सात्यांची भाजी खाल्ली, ओकली, रात्रभर भिंतीशी बसून राहिली आणि सकाळी बोलू लागली.

तिचा दीर तुळशीराम अंगणात ओटा सारवत होता. त्यावर उद्या ती बसणार होती. मी भांडायच्या तयारीनेच आले होते, पण त्यानेच पाट मांडला, पाणी दिलं.

“गुर्जी, तुम्ही साऱ्या जंगलातले टेकोडे मोजता, तं आमच्या घरची देवी बी मोजाले आले काय?” तो हसत म्हणाला. टेकोडे म्हणजे अळंब्या. मग माझ्याकडे वळला. “बाई, तुम्ही म्हणान आम्ही अडाणी. पण वयनी दोन वर्सं मुकी होती. आता बोलते. देवीनं नाई केलं तं कोणं केलं?”

“आणि गोळ्या?” सरांनी विचारलं.

“बंद केल्या. देवी गोळ्या खाते काय? दर मंगळवारी त्याच सात्या देऊ, लोकं येतीन, तिले दिसन, ते सांगन.”

सरांचा चेहरा उतरला. मला ते बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “गोळ्या अशा एकदम तोडाच्या नसतात. अन् दर मंगळवारी अंदाजानं टेकोडे खाल्ले, तं एखाद्या मंगळवारी विषारी येईनच. ही बाई दिवाळी पाहणार नाई.”

या सगळ्यात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तुळशीरामने नाही, आणि खरं सांगते, मीही नाही. मी मागच्या पडवीत गेले आणि गठ्ठ्यातून एक पत्रक ओढून तिच्या हातात दिलं. चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचत गेली आणि नेमकी माझ्या आवडत्या ओळीवर थांबली.

“हे तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“मी दारू नाई पेत. माह्या घरचे बी नाई पेत. अन् लबाडी करून मले का भेटन?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. “तं याईत मी कुठी आहो?”

मी कागद परत घेतला. मग जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. “तुम्हाला काय दिसलं?”

“सारे म्हणतेत पोरगी दिसली असन. नाई दिसली. म्या लई वाट पाह्यली, पण नाई आली. भिंत दिसली.” तिने मातीच्या भिंतीवर हात ठेवला. मातीत कालवलेली तणस (भाताचा पेंढा) वर आलेली होती. “ह्या काड्या हालून राह्यल्या होत्या. मले वाटलं भिंत दम घेऊन राह्यली. वर, खाली. म्हटलं, ही माती जित्ती आहे तं मीच काऊन अशी दगडासारखी? अन् मले रडू आलं. दोन वर्सांचं आलं. भेव बी लई वाटलं. पुन्हा नाई खाची मले. गादीवर बी नाई बसाचं. पण घरात कोणी पुसलंच नाई.”

मी ते तिच्याच शब्दांत पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतलं.

मंगळवारी सकाळी सरांनी तिला विचारलं, “सात्या कुठून आणल्या ते दाखवता काय?” आम्ही निघालो तसे गादीसाठी आलेले वीस-पंचवीस लोकही मागे निघाले. तुळशीराम पुढे. गावाबाहेर मोहाखाली कमरेएवढं वारूळ होतं.

“आमच्या आईनं शिकवलं,” शेवंता म्हणाली, “वारुळाची घ्याची, शेणाची नाई. म्या वारुळाच्याच घेतल्या.”

सर उकिडवे बसले. यंदा गुरं चरून आली की त्याच मोहाखाली विसावत होती. त्यांच्या खुरांनी वारुळाची एक कड ढासळली होती आणि शेण मातीत तुडवलं गेलं होतं. वर गवत. एकाच उतारावर, हातभर अंतरात, सात्याही होत्या आणि बारीक दांड्याच्या दुसऱ्याही. तिने नियम मोडला नव्हता. पाळला होता, म्हणूनच फसली होती.

“या दुसऱ्या त्याच आहेत हे मी छातीठोक सांगत नाई,” सर जमलेल्यांना म्हणाले. “वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवीन. पण एक सांगा. ती भाजी अजून कोणी खाल्ली होती?”

तुळशीराम वारुळाकडे पाहत राहिला.

“यायनं खाल्ली,” शेवंता दिराकडे बोट दाखवत म्हणाली. “दोन वाट्या. माह्याहून जास्त.”

“वयनी…”

“गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्याले पडले होते. ‘मले बी दाव्यानं बांधा, मी उडून राह्यलो’ म्हणत. म्या रडत होती तरी मले आयकू येत होतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तं उद्यापासून गादीवर तुळशीरामले बसवाचं काय? अन् बैलाले?” सगळे हसले. मग तुळशीरामही हसला. पण त्याचे डोळे भरले होते. माझ्याशेजारी येऊन हळू आवाजात म्हणाला, “भेलो होतो जी, बाई. कोणाले सांगू? लोकं म्हणले असते पिसाळला. वयनीले देवी म्हटलं, तं मले बी वाटलं, चला, आपण पागल नोहो.”

ते ऐकून मी काखेतल्या गठ्ठ्याची गाठ सोडलीच नाही. त्याला नशेबाज किंवा लबाड ठरवणारं पत्रक मी त्याच्या हातात कसं ठेवणार होते? लबाडी केली असेल तर ती त्याने भीतीपोटी केली होती, आणि ती भीती वाढवणाऱ्यांत माझी ओळ होती.

सारवलेल्या ओट्यावर दुपारी आम्ही जेवलो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी. सात्या नव्हत्या. बुधवारी पहिल्या गाडीने शेवंता आमच्यासोबत गडचिरोलीला आली, दिराला घेऊन. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं, तिच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि भिंतीबद्दल तिला दोनदा विचारलं. दोनदा सांगताना ती दोनदा रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, “या डॉक्टरनं पुसलं तरी.”

ती भाजीने बोलू लागली, रडण्याने, की इतके दिवस घेतलेल्या गोळ्यांनी? सरांना ठाऊक नाही, मलाही नाही. जो शोधायला निघेल त्याला अडवू नये एवढं मात्र मला आता वाटतं. आणि जो तिच्या नावाने ओटा सारवेल किंवा शहरात या अळंब्यांच्या पुड्या विकेल, त्याच्याविरुद्ध मी उद्याही उभी राहीन.

परतीच्या गाडीत वर्धा ते मनमाड मी उरलेल्या पत्रकांतली ती ओळ खोडत बसले. शाई संपली तेव्हा साठेक राहिली होती. तीही घरी येऊन खोडली. पण त्याआधी वाटलेली माझ्या हातात नाहीत, ती तुमच्याकडे आहेत. कपाटात असतील, वहीत असतील, एखाद्या डब्याच्या तळाशी घातलेली असतील. निळा कागद, तिसरं पान, वरून पाचवी ओळ. ती खोडा. आणि शेजारच्या मोकळ्या जागेत शेवंताला महिनाभर कुणीच न विचारलेला प्रश्न लिहा: ‘तुम्हाला काय दिसलं?’ मग तुमच्या घरात जो कुणी बरेच दिवस गप्प आहे, त्याला तो आज विचारा. उत्तर पुरं ऐका, आणि त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात घेऊन जा.