जयूची झांज

फ्रीगंजात टावर चौकाच्या मागं जयूचं दुकान. टीव्ही, टेप, मिक्सर, काय बी आणा, बाई उघडून बसलीच. डिप्लोमा तिनं लग्नाआधी केलेला, अन् जीभ त्याच्याही आधीची. पण सत्त्याण्णव साली गल्लोगल्ली एसटीडी बूथ उगवले, अन् रेल्वेतून रिटायर झालेल्या सासऱ्यांना, दत्तात्रयांना, त्या दुकानात बूथच दिसायला लागला.

"जयू, बूथवाला जागा भाड्यानं घ्यायला तयार आहे. सोड आता ही उघडझाप."

"बाबा, गणपतीत माझी झांज वाजू द्या. नाही वाजली तर चाबी तुमची."

माधव नगरच्या गणपतीत झांज वाजवणारी पोरं नोकरीपायी इंदूर-पुण्याला पांगली होती. म्हणून जयूनं यंत्र केलेलं. एक झांज पाटावर खिळलेली, दुसरी लोखंडी दांडीच्या टोकाला, दांडी कॉइलमध्ये. करंट गेला की दांडी झेप घेते, थाड! ठेका सांगायला मायक्रोकंट्रोलर. बाजारात त्याला कीडाच म्हणतात. पण कॉइल ओढायचं बळ कीड्याच्या अंगात कुठलं? म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. शेतात पाणी अडवणारी फळी म्हातारी बी उचलते, शेत भिजतं ते विहिरीच्या पाण्यानं. तसं कीड्यानं नुसता इशारा करायचा, ट्रान्झिस्टरनं करंट सोडायचा.

पहिल्या संध्याकाळी झांज झकास चालली. पण आपली आरती शेवटाला उधळते, घर दिसल्यावर बैल उधळतात तशी. टाळ्या दुप्पट झाल्या, जयूनं लयीचं बटण फिरवलं, अन् फट्! धूर. लोकांनी टाळ्यांवरच आरती उरकली.

"वहिनी, कीड्याला नैवेद्य आधी दाखवायचा ना!" मंडळाचे अध्यक्ष शरच्चंद्र खिदळले.

दत्तात्रयांनी नुसता हात पुढं केला. चाबीसाठी.

"सकाळची आरती होऊ द्या," जयू म्हणाली. "गणपती काय एका आरतीचा असतो?"

घरी यंत्र उघडलं. ट्रान्झिस्टर जळालेला. जोडणी तिनं गेल्या साली सजावटीच्या पळत्या दिव्यांना केली होती तीच उचललेली, बल्बच्या जागी कॉइल. गाढवपणा झाला तो इथं. बल्ब विझवला की गप विझतो. कॉइलचा करंट तोडला की ती द्वाड म्हशीसारखी लाथ मारते, अन् लाथ बसते ट्रान्झिस्टरच्या छातीत. संथ चालीत त्यानं सोसलं, घाईत लाथेवर लाथ बसली.

तिनं नवा ट्रान्झिस्टर लावला, अन् कॉइलच्या दोन टोकांत एक डायोड, करंटला एकाच दिशेनं वाट देणारा दाणा, उलटा बसवला. आता मार म्हणावं! लाथ कॉइलमध्येच गोल फिरून विरणार.

"एवढ्याशा दाण्यावाचून दुकान जात होतं?" सासूबाई, अक्का, वाकून बघत म्हणाल्या.

"मीठ बी चिमूटभरच लागतं, अक्का."

सकाळी माणसं फजिती बघायला मुद्दाम आली. आरती शेवटाला आली, उधळली. जयूनं बटण टोकापर्यंत फिरवलं. झांज अशी कडाडली की टाळ्या मागं पडल्या, गाणारे धापा टाकायला लागले, तरी ती थांबेना.

"बस, बस!" शरच्चंद्रांनी हात जोडले. "मान गये, वहिनी!"

जयूनं ट्रान्झिस्टरला बोट लावलं. नुसता कोमट.

इंदूरच्या एका पाहुण्यानं तिथंच आपल्या मंडळासाठी यंत्र मागितलं. जयूच्या आधी दत्तात्रयच बोलले, "दुकानावर या ना! टावर चौकाच्या मागं, कुणालाही विचारा."

"अन् बूथ, बाबा?"

"बघेल तो दुसरी जागा."

"मग उद्यापासून माझा डबा तुम्हीच आणत जा दुकानात. मला आता फुरसत नाही."